२क्ष + ३य = ५क्षय : दरवर्षी येणारा बिघाड आणि तो शोधायची माझी पद्धत

आधी लक्षणं. पोराची वही उघडा आणि यातलं काही दिसतंय का बघा:

२क्ष + ३य = ५क्षय
३क्ष + ४ = ७क्ष
क्ष² × क्ष³ = क्ष⁶
२³ × २⁴ = ४⁷
क्ष² + क्ष³ = क्ष⁵
(अ + ब)² = अ² + ब²
५ − (क्ष − ३) = २ − क्ष
−३² = ९
५⁰ = ०
२⁻³ = −८ (कधी कधी −६)

वरची प्रत्येक ओळ चूक आहे, हे लिहून ठेवतो. नाहीतर कुणीतरी फोटो काढून पाठ करायचं. पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी जुन्या पुस्तकांसारखे क्ष, य, अ, ब वापरतोय. वरचा छोटा अंक, म्हणजे घातांक, देवनागरीत टंकता येत नाही, तेवढं चालवून घ्या.

ही झाली वहीतली लक्षणं. वहीबाहेरचीही काही असतात. सरावसंच सोडवताना वीसपैकी अठरा बरोबर आणि घटक चाचणीत तीच गणितं चूक. ‘कंस सोडवा’ म्हटलं की जमतं, ‘सोपं रूप द्या’ म्हटलं की गाडी अडते. रविवारी बसून नियम पाठ केले, बुधवारी पाटी कोरी.

मी तालुक्याच्या गावात आठवी ते दहावीची शिकवणी घेतो आणि जवळजवळ वीस वर्षं दर जूनमध्ये हाच बिघाड दुरुस्त करतोय. सातवीत घातांक आणि बैजिक राशी येतात, आठवीत विस्तार सूत्रं आणि अवयव, नववीत बहुपदी. मूळ दुखणं सातवीतलं असतं आणि कळ येते नववीत. सुरुवातीची काही वर्षं मी सगळे करतात तेच केलं. नियम पुन्हा सांगितला, फळ्यावर लाल खडूने चौकट आखली, दहा गणितं घातली. आठ दिवस टिकायचं.

मग एकदा एका मुलीला मी तिचंच गणित मोठ्याने वाचायला लावलं. वहीत होतं (२क्ष)³. तिने वाचलं, “दोन क्ष चा घन.” पुढे होतं २क्ष³. तेही वाचलं, “दोन क्ष चा घन.” दोन्हींचं उत्तर तिने ८क्ष³ लिहिलं होतं आणि तिच्या कानाला ते एकच गणित होतं. नियम तिला येत होता. समोर काय लिहिलंय तेच तिला वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी नियमाला शेवटी हात घालतो. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने आहेत, फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या आधी, महिना खाणाऱ्या शेवटी. क्रम मोडू नका. पहिल्या चारमध्येच निम्म्याहून जास्त पोरं सुटतात असा माझा अनुभव आहे.

पहिली: फळा दिसतो का?

हसू नका. गणिताच्या तासाला फळ्यावरची सगळ्यात बारीक खूण कुठली? घातांक. त्याच्या खालोखाल वजाचं चिन्ह. लांबचं अंधुक दिसणाऱ्या पोराला मराठीचा धडा अंदाजाने उतरवता येतो, कारण अर्धं वाक्य कळलं की उरलेलं जुळवता येतं. क्ष² आणि क्ष³ मधलं जुळवायचं कशावरून? मागच्या बाकावरून फळ्यावरची एक ओळ उतरवून घ्या, मग तेच पोर पहिल्या बाकावर बसवून दुसरी ओळ उतरवून घ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. फरक दिसला तर बीजगणित बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. माझ्याकडच्या एका मुलाचा ‘गणितात कच्चा’ हा शिक्का चष्म्याने पुसला.

दुसरी: अक्षर आणि मांडणी

घातांक पायाच्या (ज्या अक्षराचा किंवा अंकाचा तो घातांक, त्याच्या) डोक्यावर, बारीक आणि वर आहे, की शेजारी त्याच उंचीवर? पोर पहिल्या ओळीत क्ष² लिहितं, दुसऱ्या ओळीत तो दोन थोडा खाली सरकतो, तिसऱ्या ओळीत त्याचं क्ष२ होतं आणि चौथ्या ओळीत निमूटपणे २क्ष. चूक गणिताची नसते, उतरणीची असते. दुरेघी वहीत आठवडाभर लिहून घ्या: पाया दोन रेघांच्या मध्ये, घातांक वरच्या रेघेवर.

दुसरं, इंग्रजी एक्स आणि गुणाकाराची फुली. दोन्ही सारख्याच काढणारी पोरं स्वतःच्याच वहीत फसतात. एक्स पाठीला पाठ लावलेल्या दोन कंसांसारखा काढायला शिकवा. शक्य तिथे फुलीऐवजी कंसच वापरा.

इतकं बघून झालं की एक चुकलेलं गणित वहीशिवाय तोंडी विचारा. तोंडी बरोबर आलं तर बिघाड इथेच आहे, पुढे वाचायची गरज नाही.

तिसरी: मोठ्याने वाचून घ्या

ही माझी आवडती तपासणी. एका पाठकोऱ्या कागदावर जोड्या लिहा:

−३² आणि (−३)²
२क्ष³ आणि (२क्ष)³
अ + ब² आणि (अ + ब)²
२(क्ष + ५) आणि २क्ष + ५

प्रत्येक जोडी वाचायला सांगा आणि प्रश्न एकच विचारा, “घातांक कुणाच्या डोक्यावर बसलाय?” शेवटच्या जोडीत घातांक नाही, तिथे विचारा, “दोनने कुणाकुणाला गुणायचंय?” पोराने बोट ठेवून दाखवायचं. कंस असेल तर घातांक सगळ्या कंसाचा, नसेल तर फक्त लगतच्या डावीकडच्या एकाचा. −३² मध्ये तो फक्त तीनचा आहे. आधी वर्ग, मग वजा, म्हणून −९. (−३)² मध्ये वजासकट सगळ्याचा, म्हणून ९. अंकांतही दाखवा: २ × ३³ म्हणजे ५४ आणि (२ × ३)³ म्हणजे २१६. वजा नऊ आणि नऊ मधला फरक पोराला खटकत नाही, पण चोपन्न आणि दोनशे सोळा मधला खटकतो.

पोरांची चूक थोडी आपल्या कंचेभागुबेवचीही आहे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यात घातांक कुठे बसतो ते नाव सांगत नाही. कंसानंतर लगेच, हे वेगळं सांगावं लागतं आणि बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं.

एक पालक माझ्याशी भांडायला आले होते, संगणकावर −३² चं उत्तर ९ येतं म्हणून. त्यांचं खरं होतं. स्प्रेडशीटमध्ये पुढचं वजा आधी चिकटतं आणि मग वर्ग होतो, तसा त्या प्रोग्रामचा स्वतःचा रिवाज आहे. बहुतेक शास्त्रीय कॅल्क्युलेटर −९ देतात. परीक्षेत गणिताचा रिवाज चालतो, −९.

वाचनाची सवय लागायला आठ-दहा दिवस लागतात. रोज पाच राशी, नुसत्या वाचायच्या, सोडवायच्या नाहीत. “दोन गुणिले क्ष चा घन”, “दोन क्ष, या सगळ्याचा घन”. ‘या सगळ्याचा’ हे दोन शब्द पोराच्या तोंडात बसले की निम्मं काम झालं.

चौथी: अंक घालून बघता येतं का?

पोराला विचारा, “३क्ष + ४ बरोबर ७क्ष, हे खरं की खोटं, कसं ठरवशील?” बहुतेक म्हणतात, “पुस्तकात बघून” किंवा “तुम्ही सांगाल.” म्हणजे अक्षर ही संख्या आहे हे डोक्यात नाही. क्ष म्हणजे त्याला फळ्यावरचं एक चित्र आहे. हा मोठा बिघाड आहे आणि दुरुस्ती स्वस्त आहे. क्ष = ५ घाला. डावीकडे १९, उजवीकडे ३५. निकाल लागला, सर लागले नाहीत.

पण अंक निवडताना जपा. इथे मी स्वतः दोनदा तोंडावर पडलोय.

० आणि १ घालू नका. क्ष = १ ला ३क्ष + ४ आणि ७क्ष दोन्ही ७ येतात आणि पोर विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघतं. २ सुद्धा नको, कारण २ + २, २ × २ आणि २² तिन्ही चारच. म्हणूनच क्ष² × क्ष² हे घातांकाचं पहिलं उदाहरण म्हणून अत्यंत वाईट आहे. घातांकांची बेरीज करा की गुणाकार, उत्तर क्ष⁴. पोर गुणाकार करतं, आपण बरोबरची खूण करतो आणि बिघाड आपल्या हाताने आत बसवतो. पहिलं उदाहरण क्ष² × क्ष³ घ्या.

(अ + ब)² साठी मी एकदा अ = ३, ब = ४ घेतले. एका बाजूला ७² म्हणजे ४९, दुसऱ्या बाजूला ९ + १६ म्हणजे २५. मी म्हटलं, बघा, जुळत नाही. मागून आवाज आला, “सर, पण तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग बरोबर पाचचा वर्ग, हे तुम्हीच सांगितलं ना!” पायथागोरस नुकताच झालेला. अर्धा तास त्यात गेला. तेव्हापासून ३ आणि ५: ६४ विरुद्ध ३४.

एक बजावून सांगावं लागतं. अंक घातल्यावर दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक नक्की. जुळल्या तर मात्र नुसता संशय फिटतो, सिद्ध काही होत नाही. हुशार पोराला एवढं सांगितलं तरी पुरतं.

पाचवी: ‘बरोबर’च्या चिन्हाचा अर्थ

हे विचारा: ८ + ४ = __ + ५. रिकाम्या जागी काय?

नववीतलं पोरही १२ लिहू शकतं. उत्तर ७ आहे. बारा लिहिणाऱ्यासाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम आहे, पहिलीपासून तो तेच करत आलाय. अशाच वहीत तुम्हाला ५ × ३ = १५ + ४ = १९ − ६ = १३ अशी आगगाडीही दिसेल. पाच त्रिक आणि एकोणीस वजा सहा सारखे कुठून झाले, हा प्रश्न त्याला पडत नाही.

आणि २क्ष + ३य = ५क्षय चं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. मी एकाला विचारलं, “का जोडलंस?” म्हणाला, “सर, उत्तर अर्धवट राहतंय ना.” त्याला मधे अधिकचं चिन्ह असलेलं काहीही उत्तर वाटत नव्हतं. मग मी आठवडाभर अशी गणितं घालतो ज्यात निम्म्यांचं उत्तर ‘आहे तसंच’ हे असतं. ४अ + ७: आहे तसंच. क्ष² + क्ष: आहे तसंच. ५अ + २अ: ७अ. पहिल्या दिवशी पोरं ‘आहे तसंच’ लिहायला घाबरतात, जणू गृहपाठ चुकवतोय. तिसऱ्या दिवशी सरावतात.

सहावी: आपण स्वतः काय बोलतो?

ही तपासणी पोराची नाही, आपली आहे. म्हणून सगळे टाळतात.

‘दोन आंबे आणि तीन केळी एकत्र होतात का? नाही ना? मग २अ आणि ३क सुद्धा होत नाहीत.’ हे वाक्य मी हजार वेळा वापरलंय. कामाचं वाटतं आणि आठ दिवस चालतंही. मग गुणाकार येतो, २अ × ३क. आता आंबा गुणिले केळं म्हणजे काय? शिकरण? आणि आंब्याचा वर्ग? अक्षर म्हणजे वस्तू असं आपणच शिकवलं, आता ते संख्येसारखं वागायला लागलं की पोर गोंधळतं. वर ‘पाच आंबेकेळी’ म्हणून ५अक लिहायलाही ते मोकळं.

अक्षर म्हणजे वस्तू नको, वस्तूची किंमत घ्या. वडापाव क्ष रुपयांना, चहा य रुपयांना. दोन वडापाव, तीन चहा: २क्ष + ३य रुपये. वडापाव १५ चा आणि चहा १० चा धरला तर बिल ६० रुपये. आता ५क्षय काढा: ५ × १५ × १० म्हणजे ७५०. साडेसातशे रुपये कुणी देईल का? वर्ग हसतो आणि ती हसलेली चूक सहसा परत येत नाही.

गंमत म्हणजे ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्‌तावत्, कालक, नीलक अशी नावं देत. पहिलं म्हणजे ‘जितकं तितकं’, पुढची सरळ रंगांची. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी, आणि वर्ग दाखवायला पुढे ‘व’. सारख्या जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करायची, वेगळ्या जातीच्या वेगळ्या मांडायच्या, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मी पोरांना एक तास ‘३ या + २ का’ असं लिहायला लावतो. काळा आणि निळा रंग मिसळून भलतंच काही करायचा मोह आपोआप कमी होतो.

‘चिन्ह पलीकडे नेलं की बदलतं’ हे दुसरं वाक्य. त्यावर एक वेगळं पुराण होईल, इथे सोडतो.

सातवी: घातांकाचे नियम काढून घ्या

हो, काढून घ्या. सूत्रांचा तक्ता भिंतीवरून उतरवा आणि पंधरा दिवस सगळं उलगडून लिहायला लावा.

क्ष² × क्ष³ = (क्ष × क्ष) × (क्ष × क्ष × क्ष). मोजा. पाच. क्ष⁵.
(क्ष²)³ = क्ष² × क्ष² × क्ष². मोजा. सहा. क्ष⁶.
२³ × २⁴ = (२ × २ × २) × (२ × २ × २ × २). सात दोन. २⁷, म्हणजे १२८. यात चार कुठे दिसतो? ४⁷ तर १६,३८४ होतात.
क्ष² + क्ष³ = क्ष × क्ष + क्ष × क्ष × क्ष. मधे अधिक आहे, आहे तसंच. क्ष = ३ घातलं तर ९ + २७ = ३६, आणि ३⁵ म्हणजे २४३.

पोरं कुरकुरतात, “सर, किती लिहायचं!” कुरकुरू द्या. पाच-सहा दिवसांनी एखादं स्वतःच म्हणतं, “हे नुसतं मोजायचंच आहे की.” तो नियम त्याचा झाला. तक्त्यावरचा नियम दुसऱ्याचा असतो, आणि दुसऱ्याचे दोन नियम (इथे बेरीज की गुणाकार?) परीक्षेच्या हॉलमध्ये हमखास आपसात बदलतात.

शून्य आणि ऋण घातांकाला उलगडून लिहिणं पुरत नाही, कारण ‘पाच शून्य वेळा’ लिहायचं कसं? पोर लिहितं ०, आणि त्याच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. इथे वर्तमानपत्राचा एक ताव घ्या. एक घडी, दोन थर. दोन घड्या, चार थर. तीन घड्या, आठ. सहा घड्यांना चौसष्ट थर होतात आणि सातवी घालताना दमछाक होते, ती पोरांनाच करू द्या. मग ताव पूर्ण उलगडा आणि विचारा, “आता घड्या किती?” शून्य. “थर किती?” हातात एक कागद धरलेला असतो, शून्य म्हणायची सोय नसते. २⁰ = १.

तिथून जिना उतरा: ८१, २७, ९, ३. म्हणजे ३⁴, ३³, ३², ३¹. प्रत्येक पायरीला तीनने भाग. पुढची पायरी? ३ ÷ ३ = १, हा ३⁰. पुढची? १/३, हा ३⁻¹. मग १/९. जिना कितीही उतरला तरी संख्या शून्याखाली जात नाही, हे पोराने स्वतः बघितलं पाहिजे. २⁻³ = −८ ही चूक त्यानंतर क्वचित दिसते. वजाचं चिन्ह खाली पायात नाही, वर घातांकात आहे, म्हणजे पुन्हा वाचनाचाच प्रश्न.

आठवी: कंस, कागदावर कापून

(अ + ब)² = अ² + ब² ही सगळ्यात चिवट चूक. अंक घालून ती खोटी आहे हे पटतं, पण मधलं २अब येतं कुठून हे पटत नाही. म्हणून परत उगवते.

आलेखवहीतून १३ × १३ चा चौरस कापा. दोन्ही बाजूंना १० वर रेघ मारा. चार तुकडे दिसतात: १० × १० चा मोठा चौरस, ३ × ३ चा छोटा, आणि १० × ३ च्या दोन पट्ट्या. १०० + ६० + ९ = १६९. आता तुमच्या पोराचं उत्तर, १०० + ९, म्हणजे दोन्ही पट्ट्या कचऱ्यात. एका मुलाच्या हातात मी त्या दोन पट्ट्या तशाच ठेवल्या आणि म्हटलं, “या कुणाच्या?” तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने स्वतःच वहीत मागे जाऊन तीन गणितं दुरुस्त केली.

उभ्या गुणाकाराशीही जोडून द्या. २३ × १४ करताना पोर तीनला चारने, दोनला चारने, मग तीनला एकने, दोनला एकने गुणतं. चार गुणाकार, प्राथमिक शाळेपासून बिनतक्रार. (अ + ब)(क + ड) मध्ये तेच चार आहेत.

कंसाआधी वजा असेल तर: ५ − (क्ष − ३). खिशात ५ रुपये. दुकानदाराला क्ष रुपये द्यायचे होते, त्याने ३ सोडले. पाचातून क्ष गेले पण तीन वाचले. ५ − क्ष + ३, म्हणजे ८ − क्ष. कंसाबाहेरचं वजा −१ आहे असं समजून आतल्या प्रत्येक पदाला गुणायला लावलं तरी चालतं. कुणाला दुकान लागतं, कुणाला −१.

नववी: खालचा मजला

इथपर्यंत येऊनही वहीत तीच लक्षणं असतील तर बीजगणित बंद करा आणि ही पाच गणितं द्या:

−७ + ३
−७ − ३
३ − (−७)
(−७) × (−३)
−१२ ÷ ४

उत्तरं −४, −१०, १०, २१, −३. दुसऱ्याचं उत्तर १० आलं तर कारण ठरलेलं आहे: ‘वजा वजा अधिक’. गुणाकाराचा नियम बेरजेत घुसलाय. किराणा दुकानात सात रुपये उधारी होती, आणखी तीनची केली, तर दहा रुपये खिशात आले का? पोरगं लाजतं आणि −१० लिहितं.

पाचपैकी दोन चुकले तर किमान तीन आठवडे पूर्णांक संख्या, सोबत अपूर्णांक आणि बारापर्यंतचे पाढे. ही सगळ्यात महागडी दुरुस्ती आहे, कारण पोराला वाटतं आपल्याला पाचवीत ढकललं आणि आईवडिलांना वाटतं वेळ फुकट चाललाय. मी स्पष्ट सांगतो: पाया खचलेला असताना वर अवयवांचा मजला चढवला तर दहावीच्या वर्गसमीकरणात सगळंच खाली येईल. सहामाहीच्या तोंडावर हे करू नका. दिवाळीची किंवा मेची सुट्टी बघा.

कुठे थांबायचं आणि कुणाला गाठायचं

घरी शिकवताना रोज आवाज चढत असेल किंवा पोर वही बघूनच रडत असेल, तर तुम्ही थांबा. तुमचं गणित चांगलं असेलही, पण घरातलं नातं त्यापायी खर्ची घालू नका. शाळेतल्या शिक्षकांना भेटा आणि ‘कच्चा आहे’ एवढंच सांगू नका. कुठल्या तपासणीत काय दिसलं ते वहीसकट दाखवा. त्यांचा एक महिना वाचेल.

चाचणीच्या दिवशी पोट दुखणं, उलटी, झोप न लागणं असं वारंवार होत असेल तर तो गणिताचा विषय नाही. आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरज पडल्यास समुपदेशक.

आणि एक वेगळं चित्र असतं, ते ओळखता आलं पाहिजे. रोज नीट सराव करूनही तीन-चार महिन्यांत पूर्णांकांच्या मजल्यावर काहीच हलत नाही. आठवीतही ७ + ५ ला बोटं लागतात. ३०८ आणि ३८० मधलं मोठं कुठलं हे अडखळत ठरतं. घड्याळ, सुट्टे पैसे, अंतराचा अंदाज सगळ्यात गोंधळ, आणि बाकीच्या गोष्टींत मात्र पोर चुणचुणीत. हा आळस नाही, आणि तो आपल्यासारख्या शिकवणीवाल्याने ठरवायचा विषयही नाही. ही गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमता असू शकते, तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये तिचा समावेश आहे. तपासणी मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक करतात. दहावीच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते शाळेमार्फत मंडळाकडे जातं.

या तपासण्यांना तारखा पुढच्या मिळतात, कागदपत्रं मागून मागून घेतात. म्हणून शंका आली की आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक मी पाहिलेत, आणि तेव्हा माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.